वेईमास्तरांचे काळे कागद

वेईमास्तरांच्या घरात मी पहिलं पाऊल टाकलं ते थेट त्यांच्या चित्रावर. हे अलंकारिक बोलणं नाही. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आम्ही नवीन राहायला आलो तो पहिलाच हिवाळा होता. गुडघाभर बर्फ पडला होता आणि आमच्याकडे फावडं नव्हतं, म्हणून मी शेजारी मागायला गेलो. गॅरेजचं दार अर्धवट वर होतं. वाकून आत शिरलो, तर जमिनीवर मोठाले पातळ कागद पसरलेले आणि त्यांवर काळे ओघळ, डाग, फराटे. मला वाटलं, गाडीचं ऑइल गळतंय, त्यासाठी अंथरलेत. आपल्याकडे नाही का दाराशी जुनी वर्तमानपत्रं टाकत? मी सद्गृहस्थासारखा त्यातल्या एका कागदावर उभा राहिलो आणि दोन्ही बूट नीट, टाचांसकट पुसले.

मान वर केली तेव्हा कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर एक सडसडीत म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. अंगात ओव्हरकोट, कानांवर ओढलेली टोपी, हातात वाफाळता मग. ते मघापासून बघत होते. काय घडलंय ते मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा त्यांनी शांतपणे लागू दिला आणि मग म्हणाले, "बरं झालं. ते वाईटच होतं. नाहीतर मी संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून आशा करत बसलो असतो." त्यांनी तो कागद उचलला, चार घड्या घातल्या, कचऱ्याच्या पिशवीत कोंबला आणि मला फावडं दिलं. मी सॉरी सॉरी म्हणत इतका मागे मागे सरकलो की जाता जाता दुसऱ्या कागदावर पाय पडला. "तोही वाईट आहे," ते म्हणाले, "पण आता पुरे."

'मास्तर' हे नाव आमच्या घरातलं. दर शनिवारी ते एका चर्चच्या तळघरात चिनी मुलांना कुंचल्याने अक्षरं गिरवायला शिकवत. एवढं कळल्यावर शुभदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना मास्तर करून टाकलं, आणि त्यांच्या पत्नी ओघानेच वेईकाकू झाल्या. मास्तरांनी माझं नाव उच्चारायचा दोनदा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि मला 'इंजिनियर' म्हणायला लागले. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. त्यांचं इंग्रजी एकीकडे झुकलेलं, माझं दुसरीकडे. इथे मी दोन्ही मराठीत सरळ करून घेतलंय. मास्तर आता नाहीत, आणि असते तरी त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून लिहायचा धीर होतोय.

मास्तरांनी सगळी नोकरी डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ड्राफ्टिंग टेबलावर काढली. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्यांचे आराखडे काढायचे, हेच काम. मीही त्याच धंद्यातला, फक्त पलीकडच्या बाजूचा: दाराच्या खिट्ट्या मापात आल्या आहेत की नाहीत ते तपासणारा क्वालिटी इंजिनियर. म्हणजे दाराच्या एका कडेला मास्तर आणि दुसऱ्या कडेला मी. ही गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटायची. त्यांना वाटत नसे. "इतकी वर्षं मी जे काढलं ते कशात ना कशात बसावं लागायचं," ते म्हणायचे. "आता मी जे काढतो ते कशातच बसत नाही. हेच माझं पेन्शन."

आणि खरंच बसत नसे. निवृत्त झाल्या दिवसापासून या माणसाने सरळ रेघ काढली नव्हती. कागदावर नुसती शाई: काळी, करडी, त्याहून फिकी करडी, आणि मध्ये सोडलेलं पांढरं. कुठे ती ओतलेली, कुठे कागद चुरगळून त्यावरून कोरडा कुंचला फिरवलेला, त्यामुळे काळ्यात भेगांसारख्या पांढऱ्या शिरा उमटलेल्या. नाव नाही, आकार नाही. मी त्या चित्रांपुढे, देवळातून बाहेर आल्यावर चप्पल न सापडलेल्या माणसासारखा उभा राहायचो.

लोकांना अशा वेळी काहीतरी दिसावंच लागतं. कोणी विचारायचं, "हा डोंगर आहे का?" मास्तर म्हणायचे, "होय." दुसरा विचारायचा, "समुद्र ना?" "होय." मी एकदा न राहवून म्हटलं, "मास्तर, एकाच चित्राला तुम्ही सगळ्यांना होय म्हणता." तर म्हणाले, "नाही म्हटलं तर ते वाद घालत उभे राहतात. होय म्हटलं की चहा प्यायला जातात."

या 'होय'ने आमच्या महाराष्ट्र मंडळाची एक अख्खी मीटिंग खाल्ली. गणपतीच्या स्मरणिकेला कव्हर हवं होतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझे शेजारी आर्टिस्ट आहेत, ॲब्स्ट्रॅक्ट गणपती काढून देतील. मास्तरांनी दिला. एक मोठा काळा गोळा आणि त्यातून दोन बाजूंना दोन ओघळ. कमिटी सोंड शोधायला बसली आणि सोंडा दोन सापडल्या. "डावा ओघळ सोंड धरला तर ठीक," आमचे अध्यक्ष म्हणाले, "पण उजवा धरला तर उजव्या सोंडेचा होतो. कडक सोवळं असतं त्याचं. इथे हायस्कूलच्या कॅफेटेरियात कोण पाळणार?" मला मास्तरांना फोन करायला लावलं. सोंड डावी का? होय. की उजवी? होय. शेवटी कव्हरवर कॉम्प्युटरमधला तयार गणपती छापला आणि मंडळात माझी उरलीसुरली पत होती तीही गेली.

खरं उत्तर मला एकदाच मिळालं, तेही न विचारता. मास्तर शाई करत होते. काजळी आणि सरस यांची वडी असते, ती दगडावर पाणी घालून उगाळायची. सहाणेवर गंध उगाळावं तशीच, त्याच संथ गोल हाताने. उगाळता उगाळता ते म्हणाले, त्यांचे वडील त्यांच्याकडून चीनमधल्या त्यांच्या गावासमोरचा डोंगर काढून घ्यायचे, रोज, पुन्हा पुन्हा. मग लढाई आली आणि काकांनी पोराला बोटीत घातलं. तैवानला उतरल्यावर पोरगा डोंगर काढायला बसला, तर नदी डोंगराच्या कुठल्या अंगाला होती ते आठवेना. वडील मागेच राहिले होते, विचारणार कोणाला? "पुढे तैपेईत माझ्यासारखी बरीच पोरं भेटली. प्रत्येकाचं काही ना काही मागे राहिलेलं. आम्ही डोंगर काढणं सोडलं आणि शाई नुसती ओतायला लागलो. लोक म्हणाले, ही बंडखोर मंडळी. बंड कसलं? खोटा डोंगर काढण्यापेक्षा डोंगर नसलेला बरा."

आता वेईकाकू. त्यांच्याशिवाय हे सगळं कचऱ्याच्या पिशवीत गेलं असतं, आणि हेही मी अलंकारिक बोलत नाही.

हा कागद टीपकागदासारखा शाई पितो. वाळला की त्याला वळ्या पडतात, नुसतं फडकं होतं. ते चित्र म्हणून भिंतीवर उभं राहायचं तर कोणीतरी ते उलटं घालून ओलं करायचं, पाठीला गव्हाच्या सत्त्वाची खळ लावायची, दुसरा कागद चिकटवायचा, आणि सगळं फळीवर ताणून वाळू द्यायचं. मग एक दिवस वळ्या जातात, कागद ढोलकीसारखा ताठ होतो आणि शाई जागी होते. हे काम काकूंचं. "त्यांचं काम तासाभराचं," त्या म्हणायच्या, "माझं आठवडाभराचं. आणि नाव कोणाचं? त्यांचं." काकू बुटक्या, ठसठशीत, कंबरेला कायम एप्रन आणि मनगटापर्यंत खळ.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, ती मला फार उशिरा कळली. कुठलं चित्र ठेवायचं हे मास्तर ठरवतच नसत. ते काढायचे आणि तळघरात ढीग लावायचे. काकू सवड झाली की खाली जायच्या, एकेक कागद उजेडात धरायच्या. हातात राहिला तो खळीला, सरकवला तो पिशवीत. का, ते कधी सांगायच्या नाहीत आणि मास्तर विचारायचे नाहीत. असं तैपेईपासून चाललं होतं. तिथे एका कागदवाल्याच्या दुकानात या मुलीने मास्तरांच्या ढिगातून एकच चित्र उचललं आणि बाकीची सगळी वाईट आहेत म्हणून तोंडावर सांगितलं. मास्तरांनी तिच्याशी लग्न केलं. ते एक चित्र त्यांच्या झोपायच्या खोलीत पलंगासमोर लावलेलं असायचं.

"आणि तुम्हाला त्यांची निवड चुकली असं कधी वाटलं नाही?" मी विचारलं.

"चुकली असेलही. पण माझी तर नेहमीच चुकते. मला शेवटचं काढलेलं आवडतं."

शुभदाचं आणि काकूंचं गूळपीठ जमलं ते गव्हावरून. एका उन्हाळ्यात शुभदाला अमेरिकेत कुरडया घालायची हुक्की आली. गहू भिजत पडले, आंबले, आणि आमच्या डेकवरून असा वास सुटला की मागचे शेजारी गॅस लीक आहे का म्हणून विचारून गेले. काकू मात्र वासाच्या मागाने कुंपण ओलांडून आल्या, पातेल्यात बोट बुडवलं, चोळून पाहिलं, आणि धावत जाऊन आपल्या घरचं पातेलं घेऊन आल्या. त्यातही तेच: आंबवून धुतलेल्या गव्हाचा चीक, वर पाणी, खाली पांढराशुभ्र साका. दोघींना एकमेकींचं इंग्रजी अर्धं कळत नव्हतं, पण तासभर बोलत होत्या. शुभदाने चीक शिजवून, दूधसाखर घालून वाटीत दिला. काकूंनी आधी वास घेतला, मग खाल्ला आणि हसून हसून खाली बसल्या. "माझी अर्धी जिंदगी भिंतीला फासली," म्हणाल्या, "तुम्ही खाता?"

त्या काकूंना अर्धांगाचा झटका आला. एका सकाळी तळघरात फळीसमोर पडलेल्या सापडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी आल्या त्या खुर्चीत बसूनच. त्यांची कॅलिफोर्नियातली मुलगी येऊन राहिली, रडली, नर्सिंग होमची, म्हणजे इथल्या शुश्रूषेच्या वृद्धाश्रमाची, माहिती काढून टेबलावर ठेवून गेली. मास्तरांनी ती माहिती शाईच्या दगडाखाली घातली. "ती इथे आहे," ते म्हणाले. "जी इथे आहे तिला दुसरीकडे कशाला न्यायचं?"

त्यांनी नेहमीसारखं काढणं चालू ठेवलं. आणि नेहमीसारखंच, निवड काकूंवर सोडली. काकू तळघरात उतरू शकत नव्हत्या, म्हणून ते एकेक कागद वर आणायचे, वरच्या कडेला काठी लावून त्यांच्या खुर्चीसमोर उभा धरायचे. कागद माणसाएवढा. मास्तर पूर्ण त्याच्यामागे. मी म्हटलं, "अहो, एका बाजूला उभे राहा, हात भरून येतील." तर म्हणाले, "नको. माझा चेहरा दिसला तर ती दयेपोटी निवडेल." असे कडक.

काकू बघायच्या. मग डावा हात उचलायच्या आणि कागद ढकलायच्या. कागद खाली आला की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा, डोळे निवायचे. मास्तर म्हणायचे, "बघा, नापास करून किती समाधान वाटतंय बाईला!" आम्ही हसायचो. पहिले काही महिने हसायचो.

कारण त्यांनी एकही ठेवला नाही. त्या पानगळीत नाही, हिवाळ्यात नाही, बर्फ वितळल्यावरही नाही. मास्तर आणायचे, काकू ढकलायच्या. पिशव्या भरून तळघरात साठत होत्या. मास्तर बारीक झाले, दाढी करेनासे झाले. एकदा माझ्यासमोर त्यांनी एक कागद धरला. मला चित्रातलं कळत नाही हे एव्हाना सगळ्या ट्रॉयला माहीत होतं. पण त्या कागदापुढे मीही खुर्चीवरून उठून उभा राहिलो. काकूंनी तोही ढकलला. मास्तर तो कागद जमिनीवर टाकून खाली बसले.

"दोनच गोष्टी असू शकतात, इंजिनियर," ते म्हणाले. "एक तर माझा हात संपलाय आणि ती बरोबर सांगतेय. नाहीतर हात शाबूत आहे, आणि तिला आता काही कळत नाही. यातली कुठली खरी असावी अशी प्रार्थना करू?"

मी म्हटलं, "चहा टाकू का?"

त्याच सुमारास ॲन आर्बरच्या म्युझियममधून एक बाई आल्या. देश सोडून जगभर पांगलेल्या चिनी चित्रकारांचं, शाईच्या अमूर्त चित्रांचं प्रदर्शन तिथे भरवायचं चाललं होतं. त्यात मास्तरांची चित्रं हवी होती, नवीन हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या दारात विचारायला आलं होतं. बाईंनी तळघरातला ढीग पाहिला आणि प्रत्येक कागदाला 'अमेझिंग' म्हणाल्या. त्या गेल्यावर मास्तर म्हणाले, "जिला सगळंच आवडतं तिच्या भरवशावर काय पाठवायचं?"

आणि मग त्यांनी मला विचारलं, अगदी सहज, गॅरेजमध्ये उभं राहून. "तुमच्या कारखान्यात एखादं माप तपासायचं गेज सगळाच माल नापास करायला लागलं, तर माल खराब की गेज खराब, हे कसं ओळखता?"

मला आयुष्यात फार कमी प्रश्नांची उत्तरं येतात. हे येत होतं. आलेलं उत्तर पोटात ठेवायची सवय मला नाही. मी उत्साहाने सांगितलं, "सोपं आहे! जो पार्ट चांगला आहे हे आधीच माहीत आहे, तो गेजला लावून बघायचा. तोही नापास झाला तर गेज गेलं." मास्तरांनी मान हलवली. मला वाटलं, जुन्या धंद्याच्या आठवणी निघाल्यात.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. झोपायच्या खोलीतलं ते तैपेईचं चित्र त्यांनी भिंतीवरून काढलं होतं. "एकट्याला धरवत नाही," म्हणाले. "आणि हे शुभदाला सांगू नका. बायकांना हे क्रूर वाटेल." मलाही वाटलं होतं, पण मी काठीचं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. आम्ही दोघं चित्राच्या मागे उभे राहिलो, पडदा धरल्यासारखे. अंतरपाट म्हणणार होतो, पण ती उपमा सुद्धा आज सोसवत नाही.

पलीकडे काकू. काही दिसत नव्हतं, फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. मास्तर ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मग कागदाच्या त्या बाजूने काकूंचा तळवा येऊन टेकला. बोटांचे उंचवटे मला या बाजूने दिसले. आणि त्यांनी ढकललं. नेहमीपेक्षा जोरात.

मास्तरांनी चित्र खाली घेतलं, गुंडाळलं, फीत बांधली. "गेज गेलं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला. खोटं कशाला सांगू, मी तो पाहिला. म्हणजे हात शाबूत होता! मागची सगळी चित्रं कदाचित चांगली होती! आणि पुढच्याच क्षणी आपण कशाचा आनंद मानतोय हे त्यांना कळलं, आणि तो चेहरा माझ्यासमोर मिटत गेला. ते काकूंकडे बघायला वळलेच नाहीत. गुंडाळी काखेत मारून खाली निघून गेले. काकू रिकाम्या दाराकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या मांडीवरची शाल सारखी केली आणि घरी आलो. शुभदाने विचारलं, "काय म्हणतायत मास्तर?" मी म्हटलं, "काही नाही. बरे आहेत."

त्यानंतर त्यांनी काकूंना एकही चित्र दाखवलं नाही. बोलणंही कमी केलं. आधी ते त्यांना भांडल्यासारखं सगळं सांगायचे: बर्फ किती पडला, शनिवारच्या पोरांनी काय दिवे लावले. आता खोलीत दुसरं कोणी नसल्यासारखे वावरायला लागले. दगडाखालची ती नर्सिंग होमची माहिती त्यांनी बाहेर काढली, मुलीला फोन केला, आणि महिन्याभरात काकूंना हलवलं. मी विचारलं, तर म्हणाले, "जी इथे नाही तिला इथे ठेवून काय उपयोग?"

प्रदर्शन झालं. चित्रं ॲन आर्बरच्या बाईंनीच निवडली आणि खळही त्यांच्याच माणसांनी लावली. आम्ही दोघं मास्तरांना घेऊन गेलो. पांढऱ्या भिंतींवर ते काळे कागद असे दिसत होते की हीच का ती गॅरेजमधली चित्रं, असं वाटावं. न्यू यॉर्कचे, कॅलिफोर्नियाचे चित्रकार मास्तरांना वाकून भेटत होते. मास्तर आपल्याच चित्रासमोर कोट घालून उभे होते. एका मुलीने वही पुढे करत विचारलं, "सर, हा डोंगर आहे का?" मी सवयीने त्यांच्या 'होय'ची वाट पाहिली. ते म्हणाले, "मला माहीत नाही." ती बिचारी वहीत तेच लिहून गेली. परतीच्या वाटेवर त्यांनी एकच वाक्य उच्चारलं: "यातलं कुठलं चांगलं, ते आता मरेपर्यंत कळणार नाही."

मास्तर आठवड्यातून एकदा काकूंना भेटायला जायचे, पाहुण्यासारखे, कोट न काढता. शुभदा अधूनमधून जायची. काकूंनी तिथे जेवण सोडलं. त्याच थंडीत त्या गेल्या. शेवटी जवळ एक नर्स होती.

मास्तरांनी कुंचला नंतर हातात धरला नाही. पानगळीत गावची गाडी वाळकी पानं उचलायला येते, त्या दिवशी त्यांच्या घरासमोर खाकी पिशव्यांची रांग लागली होती. मी कामाला निघालो होतो. एका पिशवीतून काळा कागद डोकावत होता. मी गाडी थांबवली, उतरलो. मास्तर दारात उभे होते. "राहू द्या, इंजिनियर," म्हणाले. "निवडणारं माणूस नसलं की सगळीच चांगली, नाहीतर सगळीच वाईट. मला दोन्हींबरोबर राहता येत नाही."

पुढल्या वर्षी मुलगी त्यांना न्यायला आली. घराला गिऱ्हाईक नव्हतं. डेट्रॉइटमध्ये तेव्हा कुठल्याच घराला नव्हतं. कारखाने बसत होते, आमच्या गल्लीत पाट्याच पाट्या लागल्या होत्या, आणि माझ्याही खुर्चीचे पाय डुगडुगत होते. विमानतळावर मी आणि शुभदा सोडायला गेलो. मुलगी सामान देत होती. मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"थँक यू, इंजिनियर," ते म्हणाले. "तुम्ही ते गेजचं सांगितलं नसतं, तर मी शेवटपर्यंत मूर्खासारखा तिच्यासमोर कागद धरून उभा राहिलो असतो." आणि आत गेले. पाठीमागून फार लहान दिसत होते.

गाडीत बसल्यावर शुभदाने विचारलं, "कसलं गेज?"

मी सांगितलं. रविवार, तैपेईचं चित्र, काठीची दोन टोकं, तळवा, सगळं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. हायवेवर आमचं एक्झिट आलं आणि मागे पडलं.

मग म्हणाली, "अहो, काकू घरी असताना मी त्यांना दुपारी भरवायला जायचे ना, तेव्हा त्या मलाही ढकलायच्या. वाटी घेऊन समोर बसले की डाव्या हाताने सरळ बाजूला. मला आधी वाटलं, पेज आवडली नसेल. मग लक्षात आलं, मागे खिडकीशी मास्तर पेपर वाचत बसलेले असायचे. मी खुर्ची जरा कडेला घेतली, तर निमूट जेवल्या. तिकडे बघत, पूर्ण वाटी. रोज मग मी कडेलाच बसायचे. तो एवढा माणसाएवढा कागद, आणि मास्तर त्याच्यामागे. त्या चित्र कुठे बघत होत्या? कागद आड यायचा त्यांना."

मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं? मला काय ठाऊक, तुम्ही दोघं आत परीक्षा घेताय त्यांची." तिने पदराने डोळे पुसले, काच खाली केली, पुन्हा वर केली. "आणि हे बघा, हे त्यांना फोनवर सांगायचं नाही. पश्चात्ताप झाला म्हणून नाही, मन मोकळं करायचं म्हणून नाही. त्या भानावर नव्हत्याच असं समजूनच जाऊ दे त्या माणसाला."